फूटपाथवरचे वानखडे सर

वानखडे सर घाबरायचे. कशाकशाला घाबरायचे ते विचाराल तर उत्तर फार लांबेल. कशाला घाबरत नसत ते विचारलंत तर लवकर सुटाल. कुत्र्याला घाबरायचे, मग ते बांधलेलं का असेना. कुकरच्या शिट्टीला घाबरायचे. घरी वहिनींनी भात लावला की अंगणात पेरूच्या झाडाशी जाऊन उभे राहायचे. तपासणीला येणाऱ्या साहेबांना आम्ही सगळेच घाबरायचो, पण साहेब जीपमध्ये बसून निघून गेल्यावरही दुपारपर्यंत ज्यांचे हात गार असत, असे आमच्या शाळेत ते एकटेच. आणि सगळ्यांत जास्त घाबरायचे ते रस्त्याला.

दारव्ह्याच्या स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायचा म्हणजे त्यांना सोबत लागायची. कोणीतरी ओलांडणारा येईपर्यंत ते कडेला थांबत आणि मग त्याला जवळजवळ चिकटून पलीकडे जात. एकदा तो सोबतीचा माणूस काहीतरी विसरला म्हणून मध्येच मागे फिरला, तर सरही त्याच्याबरोबर मागे फिरले. मी पलीकडून बघत होते. शाळेची घंटा होऊन गेलेली. "अहो सर, या ना लवकर!" म्हणून ओरडले, तर हात वर करून म्हणाले, "येतो मॅडम. कोणी आलं की येतो."

मी मराठी शिकवायचे, ते भूगोल. वर्गावर जाताना व्हरांड्याच्या टोकापासूनच ते खोकायला लागत. एरवी मास्तरांना मुलं घाबरतात, इथं उलटं होतं. मी एकदा विचारलं, सर, हा खोकला औषधानं जात नाही का? तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "आत गेल्यावर काही दिसलं तर मारा लागते जी. न दिसलेलं बरं." पोरंही गुणाची, खोकला ऐकून सगळं आवरून बसत. ज्वालामुखी शिकवताना मात्र सरांना चेव चढायचा. वऱ्हाडची ही काळी माती, हिच्यात आपली कापसाची पऱ्हाटी उगवते, ती मुळात लाव्हारसातून आली, असं सांगताना ते टेबलावर हात आपटत. एका पोरानं उठून विचारलं, "सर, पुन्हा फुटला तं?" सरांनी खडू खाली ठेवला. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन मला हळूच म्हणाले, "मॅडम, हा इचार माह्या डोक्यात कधी आलाच नव्हता."

मला भित्र्या माणसांचा राग येतो. बहुतेक भित्री माणसं आवाज चढवून ते झाकतात, आणि घरच्यांना त्याचा त्रास होतो. वानखडे सरांचा राग मात्र मला धरून ठेवता आला नाही. ते काही झाकत नसत. शिवाय त्यांची भीती स्वतःपुरती नसायची. माझा मुलगा लहान असताना त्याचा ताप उतरेना, हे परगावी, आणि त्याला यवतमाळला न्यायचं होतं. सर आपणहून आमच्याबरोबर बसमध्ये चढले. घाटातून जाताना पूर्ण वेळ डोळे मिटून, पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. मी म्हटलं, सर, तुम्ही कशाला आलात? डोळे न उघडता म्हणाले, "तुमी एकट्या हाये म्हणून घरी जास्त भेव वाटलं असतं."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायांतली ताकद गेली. आधी चालता चालता चप्पल निसटायची, मग गुडघे दगा द्यायला लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी शिरांच्या रोगाचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि हे उलटं फिरणार नाही असंही सांगितलं. सर ओसरीतल्या लोखंडी पलंगावर बसून गल्ली बघायला लागले. आमचं घर दोन दारं सोडून, त्यामुळे मी जाता-येता बसायचे. एक दिवस मनात आलं, चला, रस्त्याची भीती तरी सुटली बिचाऱ्यांची. माझ्या डोक्यात असले विचार येतात.

मग पुण्याहून त्यांच्या मुलीनं, मंदानं, बॅटरीची खुर्ची पाठवली. गल्लीतले सगळे बघायला जमले. काळी गादी, चार चाकं, आणि उजव्या हाताशी अंगठ्याएवढी एक दांडी. दांडी पुढे ढकलली की खुर्ची पुढे जाणार, सोडून दिली की जागच्या जागी थांबणार. आवाज असा नाहीच. सर कितीतरी दिवस नुसते तिच्यात बसत, बटण चालू करत नसत. "चालवून तं पाहा," वहिनी म्हणायच्या, "खुर्चीच हाये न जी, वाघ नाई." शेवटी अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. त्यातही नवी भीती निघालीच: त्या दिवसांत भारनियमन कधी होईल याचा नेम नसायचा, आणि अर्धवट चार्ज झालेली खुर्ची वाटेत बंद पडली तर? तेव्हा ते फाटकाबाहेर जात नसत. मंदानं फोनवर रोज विचारावं, बाबा, बाहेर गेलता काय? आणि सरांनी रोज सांगावं, आज ऊन लई हाये.

त्यांना फाटकाबाहेर काढलं ते केशवनं.

ती वर्षं कशी होती हे आमच्या जिल्ह्याबाहेरच्यांना पेपरातून माहीत आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज छापून यायचं, लाल दिव्याच्या गाड्या धूळ उडवत खेड्यांकडे जायच्या, शहरातले वार्ताहर कोणाच्याही अंगणात उभे राहून, तुम्हाला काय वाटतं, असं विचारायचे. पण राहणाऱ्यांना ते दिवस वेगळेच आठवतात. शाळेत हजेरी घेताना खेड्यावरचा एखादा मुलगा गैरहजर निघाला की माझा आवाज खाली यायचा. अवेळी फोन वाजला की उचलणारा आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. तो शब्द गावात कोणी उच्चारत नसे. "त्यानं करून घेतलं" एवढंच म्हणत, आणि काय करून घेतलं ते विचारायची गरज नसायची. चांगली हिमतीची माणसं त्या वर्षांत कुजबुजत बोलायला शिकली. मला वाटतं, सगळा जिल्हाच तेव्हा वानखडे सर झाला होता.

केशव हा सरांचा धाकटा भाऊ. गावाकडची शेती तोच करायचा, सरांच्या वाट्याचीही. त्या हंगामात उभ्या पऱ्हाटीवर लाल्या पडला, पानं तांबडी होऊन गळाली, बोंडं अर्धीमुर्धी राहिली. जो कापूस निघाला तो बैलगाडीत भरून केशव खरेदी केंद्रावर आला आणि रांगेत लागला. मार्केट यार्डाच्या फाटकापासून पार आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर उभे. खरेदी कधी सुरू व्हायची, कधी बंद पडायची. माणसं गाडीखालीच राहत, तिथंच चूल मांडत. केशव रांगेत लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं सरांना फोन केला. ती रडत नव्हती, हेच सरांना भयंकर वाटलं. "भाऊजी," ती म्हणाली, "हे बोलतच नाई. घरी होते तवापासून एक शबुद नाई. यायच्यावर नजर ठेवजा."

सर ते मला सांगत होते तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मॅडम, तो एकटा हाये तिथं. गाडीत दोर हाये. फवाऱ्याचं औषध तं कोणाच्याही गाडीत असते." मी म्हटलं, मी जाते, डबा देते, बघून येते. सर म्हणाले, "तुमच्यासंग काय बोलन तो? मीच गेलो पाह्यजे." ऑटोत त्यांना चढवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागायची आणि ऑटो त्या गर्दीत शिरतही नसे. राहिली खुर्ची. त्यांनी मला फाटक उघडायला सांगितलं.

आमच्या गावात फूटपाथ म्हणावा असा एकच. नगरपालिकेनं नालीवर फरश्या टाकून केलेला, आमच्या गल्लीपासून मार्केट यार्डापर्यंत. एखादी फरशी हलते, एखादी फुटलेली. रस्त्यावर तर गाड्यांची रांग, आणि उरलेल्या अर्ध्या पट्टीतून येणारी-जाणारी वाहनं एकमेकांच्या अंगावर. सरांनी रस्त्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरळ उतारावरून फूटपाथवर चढवली. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. खुर्ची गोगलगाईच्या चालीनं जात होती आणि प्रत्येक हलत्या फरशीवर सर "अरे देवा" म्हणत होते.

केशव गाडीच्या जुवावर बसलेला. भावाला खुर्चीत बघून त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सरांनी डबा उघडला. केशवनं भाकरी घेतली, खाल्ली. सर बोलत राहिले: मंदाच्या पोराबद्दल, बैलाच्या खुराबद्दल, माझ्याबद्दलसुद्धा. जे बोलायला आले होते ते सोडून सगळं. परत येताना मी विचारलं, "सर, त्याला सरळ विचारत का नाही?" ते म्हणाले, "इचारलं आणि तो हो म्हणला तं?"

मग रोज सुरू झालं. सर जायचे, डबा खाऊ घालायचे, उन्हं उतरेपर्यंत बसायचे आणि परत यायचे. मी फाटकाशी विचारायचे, आज बोलला का? "आज भाकर पुरी खाल्ली," सर म्हणायचे. नाहीतर, "आज बैलायले पाणी पाजलं त्यानं." एक दिवस म्हणाले, "आज माह्याकडं पाह्यलं." सर तेवढ्यावरच घरी परतत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धास्ती घेऊन निघत.

आणि मग त्यांना एक गोष्ट कळली, जिच्यामुळे ते पार हादरले. "मॅडम," एक दिवस आल्या आल्या म्हणाले, "लोकं मले घाबरून राह्यले." त्याचं असं झालं होतं की खुर्चीचा आवाज नाही. माणूस आपल्या तंद्रीत फूटपाथवरून चाललेला आणि एकदम पोटरीला काहीतरी टेकायचं. पानटपरीवर पेपर वाचणारा एकजण किंचाळून नालीत पाय घालता घालता वाचला. एका बाईनं पोराला उचलून छातीशी धरलं. सर सांगत होते आणि त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. आयुष्यभर ज्या माणसाला कोणी घाबरलं नाही, त्याला बघून लोक आता बाजूला उड्या मारत होते, आणि त्यांना त्याचं सुख तर नाहीच, उलट झोप उडाली. खरं सांगते, मी त्यांच्या बाजूची. पण एकदा मी पुढे चालत असताना ती खुर्ची मागून अगदी जवळ आली आणि माझ्याही पाठीवर काटा उभा राहिला. आपल्या मागे काहीतरी आहे आणि ते ऐकू येत नाही, ही भीती फार जुनी असावी माणसाची.

खुर्चीला पीं करणारा भोंगा होता. तो वाजवला की आधी सरच दचकत. मग वहिनींनी तोडगा काढला. गावाकडच्या एका म्हाताऱ्या बैलाची घुंगरमाळ त्यांच्या पेटीत होती. ती त्यांनी पॉलिश करून खुर्चीच्या मागच्या दांड्याला बांधली. खुर्ची निघाली की छुमछुम आवाज. आम्ही सगळे खूश. गल्लीतली पोरं म्हणाली, सर, तुमची गाडी शंकरपटाच्या शर्यतीले निंघाली काय? सर कितीतरी दिवसांनी हसले. घुंगरं ऐकून लोक बाजूला होतील, यात न पटण्यासारखं काय होतं? कोणाच्याही डोक्यात दुसरं आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्या समोरच्या गोदाबाई रोज दुपारी देवळात पोथीला जायच्या. त्या फूटपाथवरून कधी चालत नसत. हलत्या फरशीखाली नाली आहे हे त्यांना माहीत होतं. त्या रस्त्याच्या अगदी कडेनं, फूटपाथला धरून चालत. त्या दिवशी त्या तशाच चाललेल्या, आणि मागून घुंगरं वाजली. आता आमच्या गावात घुंगरं वाजली तर माणूस काय करतो? लहानपणापासून पायांना एकच ठाऊक: बैलगाडी आली, रस्ता सोडा. गोदाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. पदर सावरला आणि वाचण्यासाठी झटकन फूटपाथवर चढल्या, नेमक्या सरांच्या पुढ्यात.

दांडी सोडायची होती, बस. सोडली की खुर्ची थांबणार. पण घाबरलेला माणूस सोडत नाही, धरतो. सरांनी ती दांडी जिवाच्या आकांतानं पकडून ठेवली, पुढे ढकललेलीच. गोदाबाई कोलमडल्या, हातावर पडल्या, मनगट मोडलं. मी आवाज ऐकून धावले. गोदाबाई फरशीवर बसलेल्या, मनगट पोटाशी धरून, आणि म्हणत होत्या, "मले वाटलं गाडी आली वं बाई, मले वाटलं बैलगाडी आली." सर खुर्चीत थरथरत होते, आणि त्यांच्या थरथरण्यानं ती घुंगरं वाजतच होती. मी ती माळ ओढून तोडली. ती घुंगरं नालीत पडली ती पडलीच.

चार दिवसांनी मारुतीच्या पारावर बैठक बसली. गोदाबाईंचा मुलगा विलास तापलेला होता, आणि त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. "मोटर लागली म्हंजे गाडी," तो म्हणाला. "गाडी फूटपाथवर कायले पाह्यजे? उद्या माणसानं जाव कुठं?" मी म्हटलं, "दुकानदारांच्या पाट्या चालतात, मोटरसायकली चालतात फूटपाथवर, आणि पाय गेलेल्या माणसाची खुर्ची चालत नाही?" तर मागून कोणीतरी म्हणालं, "त्या उभ्या असतात मॅडम. उभी मोटरसायकल कोणाले पाडत नाई." लोक हसले. मला संताप आला. आमचे नगरसेवक म्हणाले की नियमांत अशा खुर्चीचं नावच नाही, ती माणसात धरायची की वाहनात ते वर विचारावं लागेल. विलास म्हणाला, "विचारा न. तवरोक आमच्या मायनं हातपाय सांभाळून घरात बसाव काय?" मी म्हटलं, "आणि सरांनी घरात बसायचं?" दोन्ही बाजूंनी प्रश्न तोच होता, आणि गाव लहान, फूटपाथ एक.

मग गोदाबाई बोलल्या. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं. "सरायचा काई दोष नाई. सर देवमाणूस हाये. पण आता मी दारातून निंघाली की मागं पाहा लागते. चार पावलं टाकली की मागं पाहा लागते. काई नसते मागं, तरी भेव वाटते."

सर इतका वेळ मांडीवर हात ठेवून खाली बघत होते. त्यांनी मान वर केली. "गोदाबाई," ते म्हणाले, "भेव काय असते ते मले ठाऊक हाये. मी उद्यापासून खाली रोडवरून जातो."

हे विलासला नको होतं, त्यानं सर घरी बसतील असं धरलं होतं. परत येताना मी सरांवर ओरडले. होय, ओरडले. तुम्हाला कोणी सांगितलं शहाणपण करायला, तो रस्ता म्हणजे मरण आहे, ट्रॉलीवाल्याला तुम्ही दिसणारसुद्धा नाही, तुम्ही त्याच्या चाकाएवढे आहात. सर म्हणाले, "हो." मग म्हणाले, "मॅडम, केशवकडं चार दिवस झाले कोणी गेलं नाई."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. वहिनी फाटकाशी आल्या नाहीत. देवासमोर बसल्या होत्या. मी शाळेत रजा टाकली होती. सर रस्त्यावर, मी फूटपाथवर, असे आम्ही निघालो. मी फरशी बघत नव्हते, फक्त सरांकडे बघत होते. एका बाजूला कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूनं येणारी वाहनं, आणि मधल्या बोळकांडीतून ती खुर्ची. प्रत्येक जीप गेली की सरांचे खांदे कानांपर्यंत चढत. प्रत्येक हॉर्नला त्यांचे डोळे मिटत, आणि मी वरून ओरडत होते, "सर, डोळे उघडे ठेवा!" ते उघडत. कपाळावरून घाम असा वाहत होता की चष्मा नाकावर राहत नव्हता, आणि तो वर करायला खुर्चीवरचा एकही हात काढायची त्यांची छाती होत नव्हती. मी नंतर आयुष्यात बरीच शूर म्हणवणारी माणसं पाहिली. त्यांच्यातलं कोणी मला त्या दिवशीच्या वानखडे सरांइतकं घाबरलेलं दिसलं नाही, आणि कोणी इतकं पुढे जातानाही दिसलं नाही.

यार्डाचं फाटक दिसायला लागलं. केशवची गाडी आता फाटकाच्या बरीच जवळ सरकली होती. तो तसाच जुवावर बसलेला, नजर बैलांच्या पाठीवर. तेवढ्यात फाटकातून एक रिकामी ट्रॉली मागे मागे यायला लागली. ट्रॅक्टरवाला मान वळवून बघत होता, पण वरून. खाली, ट्रॉलीच्या पत्र्याच्या आड, सर होते. मी किंचाळले. ट्रॅक्टरच्या फटफटाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. सरांनी दांडी सोडली होती, अगदी शिकवल्यासारखी, आणि खुर्ची जागच्या जागी थांबली होती. ट्रॉली थांबली नव्हती.

"ए! ए भाड्या! थांब!"

केशव होता तो. जुवावरून उडी टाकून तो ट्रॉली आणि खुर्ची यांच्यामध्ये घुसला आणि दोन्ही हातांनी पत्र्यावर धडाधड मारायला लागला. "आंधळा हायेस काय बे? खाली माणूस हाये! माहा भाऊ हाये तिथं!" ट्रॅक्टर आचका देऊन थांबला. ट्रॉलीचा पत्रा केशवच्या छातीला टेकला होता. रांगेतली माणसं धावली, कोणी ट्रॅक्टरवाल्याला खाली ओढलं, आरडाओरडा सुरू झाला. केशवचं तिकडे लक्ष नव्हतं. तो सरांकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जिता दिसत होता, रागानं लाल.

"दादा, तू रोडवर काहून आला?" तो ओरडला. "मराचं हाये काय तुले?"

सरांचा चष्मा घसरून मांडीत पडला होता. तो न उचलता त्यांनी भावाकडे पाहिलं.

"हेच तुले इचाराले मी रोज येत होतो, केशव," सर म्हणाले. "माही हिंमत होत नव्हती."

केशव तिथंच, भर रस्त्यात, खुर्चीपुढे खाली बसला आणि त्यानं सरांच्या निर्जीव पायांवर कपाळ टेकवलं. सर त्याच्या डोक्यावर हात ठेवून, वाकून काहीतरी विचारत होते आणि केशव बोलत होता. काय ते मला ऐकू आलं नाही. मी फूटपाथवरून खाली उतरले नाही.